योजनेत बसत नाही

“पेशंट अ‍ॅडमिट आहे का?” फुले आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाने, म्हणजे आरोग्यमित्राने, पहिला प्रश्न हाच विचारला.

“नाही. परवाच डिस्चार्ज झाला. डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिलीय, आठवड्यातून दोनदा, दोन महिने. ती योजनेत बसते का?”

“अ‍ॅडमिट असताना जे होईल ते बसतं, मॅडम. घरून येऊन-जाऊन केलं तर नाही बसत.” मग आमचे चेहरे बघून त्याने आवाज थोडा खाली आणला. “जास्त त्रास झाला की परत घेऊन या. तेव्हा बसेल.”

मुलगा मनापासून मदत करत होता, त्याच्यावर राग नाही. पण मी आणि माझा मावसभाऊ पार्किंगपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. मावशी आजारी पडली तर सरकार पैसे भरणार. ती आजारी पडू नये म्हणून जे करायचं, ते मात्र आमच्या खिशातून. हे असं का, हे समजून घ्यायला मला पुढचे काही महिने लागले. जे समजलं ते इथे मांडते, कारण पुण्यात घरटी एक तरी मधुमेह, संधिवात, लकवा, दमा किंवा पार्किन्सन्स असतोच, आणि हा प्रश्न आज ना उद्या त्या घरातही येतो.

मावशीला सीओपीडी आहे, फुफ्फुसांचा एक जुनाट आजार. घरात आम्ही दमाच म्हणतो, पण दम्यात आणि यात फरक आहे. दम्यात आकसलेल्या श्वासनलिका बऱ्याचदा पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत फुफ्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही. मावशीने आयुष्यात विडी ओढलेली नाही. भोरकडच्या गावात वीस-बावीस वर्षं चुलीसमोर बसून स्वयंपाक केला, तेवढं पुरलं. आता ती धायरीत मुलाकडे असते. तिसरा मजला, लिफ्ट आहे पण कधी चालते कधी नाही. एका वर्षात दोनदा तिला भरती करावं लागलं आणि दोन्ही वेळा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने बिल उचललं. आम्हाला एक रुपया भरावा लागला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी योजनेबद्दल कुरकुर करणार आहे.

ही योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा फुल्यांच्या नावाने आली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. जुलै २०२४ पासून ते पाच लाख झालं आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती असलेली योजना पांढऱ्या कार्डवाल्यांसकट सगळ्यांना खुली झाली. केंद्राची आयुष्मान भारत हिच्याच जोडीने चालते. तेव्हा यादीत १३५६ उपचार होते, नंतर ती वाढतही गेली. यादीतल्या प्रत्येक उपचाराला एक ठरलेली रक्कम असते, तिला सगळे ‘पॅकेज’ म्हणतात. रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं, उपचार करतं, कागद चढवतं आणि पैसे घेतं. सीओपीडीचा अटॅक येऊन श्वास निकामी व्हायला लागला, तर त्याचं पॅकेज यादीत आहे. म्हणून मावशी ‘बसली’.

डिस्चार्जनंतर काय? फुले योजनेत दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं, आयुष्मानमध्ये पंधरा दिवसांपर्यंत. काही शस्त्रक्रियांसाठी फॉलोअपची वेगळी पॅकेजेस आहेत. आणि आयुष्मानच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे की ज्या आजाराला भरती व्हायची गरज नाही, त्याचा ओपीडी खर्च मिळणार नाही. खासगी मेडिक्लेमचं गणितही फार वेगळं नाही. ‘हॉस्पिटलायझेशन’ म्हणजे सलग किमान चोवीस तास, अशी व्याख्याच आहे. मोतीबिंदूसारखे थोडे अपवाद. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांनी एकसारखी द्यायची पॉलिसीही भरतीच्या आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरते, पण मध्ये भरती हवीच.

थोडक्यात, विमा आजार बघत नाही, खाट बघतो.

यामागे मूर्खपणा नाही, जुनं आणि तसं सरळ तर्कशास्त्र आहे. विमा ही कल्पना जन्मली ती जहाज बुडण्यासाठी, घर जळण्यासाठी. घटना अचानक घडते, क्वचित घडते, मोठी असते आणि घडली हे दाखवता येतं. खाटेचं तसंच असतं. भरती झाल्याची तारीख असते, केसपेपर असतो, फोटो काढता येतो. कोणी हौसेने आयसीयूत झोपत नाही. उलट ओपीडीतला उपचार म्हणजे दुधाचा रतीब. रोज थोडा, कधी न संपणारा, आणि आज खरंच अर्धा लिटर घेतलं की पाव, हे तिसऱ्याला कळणं कठीण. विमा कंपनीला विचारलं तर ती म्हणेल, रतीबाचा विमा नसतो, रतीबाचं फक्त बिल असतं.

हा मुद्दा मला बराच काळ पटत होता. मग एक गोष्ट लक्षात आली. रतीब कोणाच्या दारात सुरू होणार, हे कुठे आधी ठरलेलं असतं? माझ्या आईने त्याच गावात, तसल्याच चुलीसमोर स्वयंपाक केला, ती आज सिंहगड चढते. आजार होणं ही जोखीमच आहे. फक्त तिचं बिल एकदम येत नाही, हप्त्याने येतं. आणि फुले योजना काही नफ्यावर चालणारी पॉलिसी नव्हे. ती करांतून चालते. मावशी पुन्हा भरती झाली तर पैसे याच तिजोरीतून जाणार आहेत.

आता थेरपीचं काम नेमकं काय, हे नीट बघायला हवं, कारण ‘थेरपी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकतर शेक देणारं यंत्र येतं, नाहीतर सोफ्यावर बसून रडणारा माणूस.

मावशीला लिहून दिलेल्या प्रकाराला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. सुरुवातीला सहा मिनिटांची चाचणी होते. एका सपाट कॉरिडॉरमध्ये, साधारण तीस मीटरच्या अंतरात, पेशंटने आपल्या वेगाने ये-जा करायची. धाप लागली तर थांबायचं, पण घड्याळ थांबत नाही. सहा मिनिटांत किती मीटर झाले ते लिहितात. मग सहा-आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा तरी, पायांचे आणि दंडांचे व्यायाम, ओठांचा चंबू करून श्वास सोडण्याचा सराव, इनहेलर नीट ओढला जातोय का याची तपासणी. (तीन वर्षं मावशी इनहेलर चुकीचा ओढत होती. तीन वर्षं! औषध जिभेवर बसत होतं.)

फुफ्फुसं बरी होणार नसतील तर पायांचे व्यायाम कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर ऐकून मी चकित झाले. धाप लागते म्हणून माणूस चालणं टाळतो. न चालल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू सुकतात. सुकलेला स्नायू त्याच कामाला जास्त हवा मागतो, म्हणजे आणखी कमी चाललं तरी जास्त धाप. मग माणूस जिना उतरणं सोडतो, मग देवळात जाणं, मग दारापर्यंत येणं. फुफ्फुस जिथल्या तिथे असतं, पण माणूस आकसत जातो. रिहॅब हे चक्र पायाकडून उलटं फिरवतं. फुफ्फुस तेवढंच राहतं, स्नायू मात्र मिळालेली हवा काटकसरीने वापरायला शिकतात. सीओपीडीत रिहॅबने चालण्याची क्षमता आणि रोजचं जगणं सुधारतं, हे जगभरात चांगलं सिद्ध झालेलं आहे. अटॅकनंतर लवकर सुरू केलं तर पुन्हा भरती होणं कमी होतं, असंही अनेक चाचण्यांत दिसलंय. सगळ्या चाचण्यांत सारखं नाही, हेही खरं.

यातला एक भाग मात्र व्यायामाचा नाही. मावशीला श्वास अडकण्याची इतकी भीती बसली होती की रात्री ती बसूनच झोपायची. भीती वाटली की श्वास उथळ आणि भराभर होतो, त्याने धाप वाढते, धाप वाढली की भीती. कुठलाही जुना आजार हे असं करतोच. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं, आणि खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, पथ्य सोडतो, तपासणीला जात नाही. आपण त्याला ‘हट्टी’ म्हणतो. समुपदेशन इथे चैन नाही. इन्सुलिन ज्या हाताने टोचायचं, तो हात उचलायला माणसाला तयार करणं हे त्याचं काम आहे.

इथे कोणी म्हणेल, त्यासाठी कायदा आहे की! आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम २१, उपकलम ४: प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारांसाठी, शारीरिक आजाराला जशी तरतूद असते त्याच धर्तीवर विमा द्यायचा. विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना तसं परिपत्रकही काढलं. मी हे वाचून खूश झाले होते. पण ‘त्याच धर्तीवर’ या शब्दांकडे नीट बघा. शरीराच्या आजाराला ओपीडी मिळत नसेल, तर मनाच्या आजारालाही मिळणार नाही. समानता झाली! मनोरुग्णालयात भरती झालात तर विमा, दर गुरुवारी पाऊण तास समुपदेशकाकडे बसलात तर नाही. समुपदेशनाच्या कामाला खाट लागतच नाही, त्यामुळे ही समानता त्याच्या वाट्याला आलीच नाही.

मग खाटेशिवाय सरकार पैसे देतच नाही का? देतं, आणि माझ्या सगळ्या युक्तिवादाचा जीव इथे आहे. डायलिसिस बघा. आठवड्यातून दोनदा-तीनदा, चार-चार तास, घरून येऊन घरी परत, आणि किडनी बदलली नाही तर जन्मभर. रतीबच. तो योजनेत व्यवस्थित बसतो. केमोथेरपीचंही तसंच. म्हणजे सत्रं मोजायची, प्रत्येकाची नोंद ठेवायची, बिल चुकतं करायचं, ही यंत्रणा सरकारकडे तयार आहे.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि ओपीडी व नियमित थेरपीचा खर्चही तीत धरतात. या देशात सरकारी विम्यातून थेरपी मिळू शकते का, या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे ‘मिळतेच आहे’ असं आहे. फक्त चार गटांना. पार्किन्सन्सवाल्याला नाही, लकव्यातून उठलेल्याला नाही, मावशीला नाही.

कामगारांना कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) आहे, पगार २१ हजारांपर्यंत असेल तर. बिबवेवाडी आणि चिंचवडची रुग्णालयं त्यांचीच, आणि तिथे ओपीडीही मिळते. मावशी कधी नोकरीत नव्हती, विषय संपला.

“सरकारी दवाखाना फुकट आहे ना?” हा प्रश्न मला नातेवाइकांच्या ग्रुपवर तीनदा विचारला गेला. आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत, औंधचं जिल्हा रुग्णालय त्यातच येतं. ससूनमध्ये फिजिओथेरपीचा विभाग आहे. पण धायरीहून औंध म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. ससूनला जायचं तर स्वारगेटपर्यंत एक बस, तिथून पुणे स्टेशनची दुसरी, मग रांग. जिला जिना उतरताना दोनदा थांबावं लागतं, तिने हे आठवड्यातून दोनदा करायचं. त्या दिवशी सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच. कोणी म्हणेल, रिक्षा करा. केली एकदा. येण्याजाण्याचं भाडं घराजवळच्या फिजिओच्या फीपेक्षा जास्त झालं.

आमच्या भागाला हे सगळं वेगळ्या तऱ्हेने आधीच कळलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते त्या गियां-बारे सिंड्रोमची, साथ आली. पाण्यावर संशय, टँकरच्या रांगा, संशयित रुग्ण दोनशेच्या वर. तेव्हा सरकारने उपचार मोफत करायचं जाहीर केलं. पुण्यातल्या रुग्णांसाठी कमला नेहरू, पिंपरी-चिंचवडसाठी यशवंतराव चव्हाण रुग्णालय. इंजेक्शनं महाग होती, ती मिळणं गरजेचंच होतं. पण जीबीएसमध्ये नसांवरचा हल्ला थांबला तरी हातापायांत ताकद परत यायला काही जणांना महिनोन् महिने लागतात, आणि ते काम व्हेंटिलेटर करत नाही, फिजिओ करतो. बातम्या व्हेंटिलेटरपर्यंत होत्या. पुढचे सहा महिने आमच्या मागच्या इमारतीतले एक रिक्षावाले काका गॅलरीचा कठडा धरून रोज पाय उचलायचा सराव करत होते, मुलाने मोबाइलवर लावून दिलेला व्हिडिओ बघून. त्यांची बातमी झाली नाही.

आता पैशांचं बोलू. आमच्याकडे घराजवळचा फिजिओ एका वेळेचे पाचशे घेतो. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, म्हणजे सोळा वेळा. आठ हजार रुपये. त्यात समुपदेशकाच्या चार भेटी धरल्या, प्रत्येकी हजार, तर बारा हजार. एखादी भरती टळली तरी हे पैसे सुटतात की नाही, हे आयसीयूचं बिल पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि न टळली तरी मावशी पलंगावरून उठून स्वतः चहा करते, त्याची किंमत कोणत्याच रकान्यात येत नाही.

खोटी बिलं होतील, ही भीती खरी आहे. खाटेच्या योजनेतही ती होतात आणि रुग्णालयं यादीतून काढली जातात. पण उपाय माहीत नाहीत असं नाही. सत्रांना मर्यादा घाला: ऑस्ट्रेलियात जुन्या आजारासाठी फिजिओ, आहारतज्ज्ञ वगैरेंच्या मिळून वर्षाला पाच भेटी सरकारी विम्यातून, आणि २००६ पासूनच्या मानसोपचार योजनेत वर्षाला दहा सत्रं. मला पाच फारच कमी वाटतात, पण मुद्दा मर्यादा असू शकते हा आहे. जर्मनीत १९६७ पासून मानसोपचार सार्वजनिक आरोग्य विम्यात आहे. तिथला विमा काही बुडाला नाही. थेरपिस्ट खरा कोण, हा प्रश्नही आता तेवढा अवघड राहिलेला नाही: क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि फिजिओथेरपिस्ट व इतरांसाठी २०२१ चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आलाय. आणि गुण आला का हे मोजायला सीओपीडीत ती सहा मिनिटांची चाचणी आहेच. पहिल्या दिवशी किती मीटर, शेवटच्या दिवशी किती. अर्धे पैसे सुरुवातीला, उरलेले दुसरा आकडा चढवल्यावर. खाट न दाखवताही पुरावा देता येतो.

म्हणून मागणी ‘सगळी ओपीडी मोफत करा’ अशी करू नये, असं माझं मत आहे. तशी मागणी टाळ्या घेते आणि फायलीत झोपते. मागावं ते पॅकेज: सीओपीडीच्या भरतीनंतर सोळा सत्रं. लकव्यानंतर इतकी. जीबीएसनंतर इतकी. त्यातच समुपदेशनाच्या चार भेटी, वेगळी मंजुरी न लागता. यादी याआधीही वाढलेली आहे, कधी केंद्राच्या फेरतपासणीत, कधी राज्याच्या शासन निर्णयाने. पत्र पाठवायचं ते राज्य आरोग्य हमी सोसायटीला, प्रत आपल्या आमदाराला. अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारणं हे त्यांचं काम आहे आणि बहुतेकांना आयता, आकड्यांसकट प्रश्न हातात मिळाला तर आवडतो.

आकडे कुठून आणायचे? माहिती अधिकारातून. अर्जाला दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत, हा नियम अनेकांचे अर्ज पाडतो. आणि ‘का दिलं नाही’ असं विचारायचं नाही; असलेली नोंद मागायची. मी असं लिहिलं: मागच्या तीन आर्थिक वर्षांत पुणे जिल्ह्यात सीओपीडीच्या पॅकेजखाली मंजूर झालेल्या दाव्यांची संख्या, दिलेली एकूण रक्कम, आणि एकाच वर्षात एकाच लाभार्थ्याचे दोन किंवा अधिक दावे असलेल्या प्रकरणांची संख्या, उपलब्ध असेल त्या स्वरूपात. शेवटचा आकडा मला हवा आहे. ‘जास्त त्रास झाला की परत घेऊन या’ याची किंमत त्यात दिसेल.

अर्ज मावशीला वाचून दाखवला. ती कठड्याला धरून उभी होती, ओठांचा चंबू करून श्वास सोडत होती, तिची बारावी खेप चालली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माझं नाव नाही ना घातलंस कुठं? आणि तिसरा मजला लिही. लिफ्ट बंद असती तेपण लिही.”

दीडशे शब्दांत ते बसलं नाही.